पुस्तक घेण्याआधी साल बघा

मुलगी वेबसाइट बनवायला शिकते म्हणाली, की आईबाप पोटाला चिमटा काढून पुस्तक आणतात. पण फ्रेमवर्क, म्हणजे वेबसाइटचा तयार सांगाडा, वरचेवर बदलतो. अँग्युलरजेएस २०१० साली आले. २०१६ साली अँग्युलर नव्याने लिहिले गेले आणि २०२१ अखेर जुन्याची देखभाल थांबली. त्या जुन्याचे जाडजूड पुस्तक रद्दीच्या भावात मिळाले तरी शिकणाऱ्याला महागच पडते.

म्हणून आम्ही सांगतो, आधी जावास्क्रिप्ट भाषेचा पाया पक्का करा. हावरबेके यांचे ‘एलोक्वंट जावास्क्रिप्ट’ हे इंग्रजी पुस्तक इंटरनेटवर फुकट वाचता येते. त्याची चौथी आवृत्ती २०२४ ची आहे. फ्रेमवर्कचे पुस्तक घेताना छपाईचे साल पाहा, आतली आवृत्ती आज चालू आहे का ते ताडून पाहा, मगच पैसे मोजा. घामाचा पैसा ज्ञानालाच लागला पाहिजे.