एका ओळीची चाळण

आमच्या पेढीची खतावणी हल्ली संगणकावर असते. ज्या उताऱ्यास पूर्वी दिवाणजींना दोन रात्री जागाव्या लागत, तो आमचा नातू 'पायथॉन' नामक भाषेच्या एका ओळीत काढतो. ती ओळ उमजून घेण्याचा हट्ट आम्ही धरला. जे हाती आले ते सभासद बंधूंपुढे ठेवीत आहोत.

गिडो व्हान रॉसम या डच गृहस्थांनी ही भाषा १९९१ साली प्रसिद्ध केली, आणि यादीवरून यादी करण्याची ही संक्षिप्त रीत तीत २००० साली आली. चौकटी कंसात काय हवे, कोणत्या यादीतून हवे आणि कोणत्या अटीवर, एवढेच लिहावयाचे. नवी यादी वेगळी तयार होते. मूळ खतावणीत खाडाखोड होत नाही.

परंतु हिच्यात कामे दोन आहेत. पन्नास किलोंची १२०, ८० व ४० पोती क्विंटलमध्ये मांडली, तर ६०, ४० व २० येतात. तीन आकडे गेले, तीन आले. 'इफ' म्हणजे 'जर', ही अट ओळीच्या शेवटी घातली की मात्र ती चाळण होते. पन्नासांहून अधिक तेवढेच मागितल्यास एकटा ६० उरतो. तोच 'इफ' 'एल्स'सह आरंभी लिहिल्यास काहीच गळत नाही, केवळ मूल्य बदलते.

एका दिवाळीस आम्ही बाकी शून्याहून अधिक असलेल्या खात्यांचा उतारा मागितला. तो सुबक निघाला. ज्या चार शेतकऱ्यांचे आम्हीच देणे लागत होतो, त्यांची बाकी उणे असल्याने नावे गळली. यंत्र चुकले नाही; आम्ही विचारले तेवढेच त्याने सांगितले. पाडव्यास त्यांतील एक जण पेढीवर येऊन संकोचाने नुसता बसून राहिला, तेव्हा उलगडा झाला. अचौर्य अणुव्रताचे नाव घेणाऱ्या आम्हांस त्या दिवशी मान वर करवेना. चौघांची रक्कम संध्याकाळच्या आत पोचती केली.

तेव्हापासून येणे, देणे व शून्य असे तीन उतारे निघतात, आणि तिन्हींतील नावांची बेरीज एकूण खात्यांशी जुळल्यावाचून आम्ही सही करीत नाही. पुढल्याच वर्षी ती दोनाने कमी भरली! शोधता दोन रकाने कोरे सापडले. तक्ता वाचताना संगणकाने त्यांस 'नॅन', म्हणजे 'आकडा नव्हे', असे मानले होते. आणि असा 'नॅन' शून्याहून मोठा, लहान वा शून्याइतका, यांपैकी काहीच ठरत नाही. त्या दोन खात्यांच्या पावत्या गल्ल्याखालच्या खणात निघाल्या.