बिऱ्हाड निघालं चाकांवर

मैत्रिणींनो, प्रवासाला निघायच्या दिवशी सकाळपासून तुम्ही पाणी किती पिता? प्रश्न चमत्कारिक वाटेल, पण खरं उत्तर मला ठाऊक आहे. अर्धा कप चहा, आणि वाटेत कुणी तांब्या पुढं केलाच तर ओठ ओले करण्यापुरता एक घोट. पुरुषांचं बरं असतं, गाडी थांबली की ते झाडाआड जाऊन येतात. आपण मात्र घरी परत येईस्तोवर दम धरून बसतो, आणि रात्री डोकं दुखतं ते उन्हानं दुखतं म्हणून सांगतो.

आमच्या आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. वय अठ्ठ्याहत्तर, दोन्ही गुडघे गेलेले. गिरडच्या बाबांवर त्यांची फार श्रद्धा, पण कितीतरी वर्षांत त्या गिरडला गेल्या नव्हत्या. विचारलं की म्हणायच्या, "आता कायले बापा, घरूनच हात जोडतो." खरं कारण मला दिवाळीत कळलं.

दिवाळीला जाऊबाईंची लेक मेलबर्नहून अल्लीपूरला आली होती. तिथं तिच्या शेजाऱ्यांकडं कॅराव्हॅन आहे, म्हणजे मोटारीच्या मागं ओढत न्यायचं चाकांवरचं घर. अशा घरवाल्यांचे तिकडं क्लब असतात. सुट्टी जोडून आली की दहा-पंधरा घरं रांगेनं निघतात, कुठंतरी नदीकाठी तळ देतात आणि दोन-तीन दिवसांनी परततात. २६ जानेवारीला आपल्याकडं प्रजासत्ताक दिन, तर त्यांच्याकडं ऑस्ट्रेलिया दिन. त्या सुट्टीला शेजाऱ्यांनी हिलाही सोबत नेलं. व्हिक्टोरिया राज्यात विमेरा म्हणून गव्हाचा मुलूख आहे. क्षितिजापर्यंत शेतं, आणि मधूनच धान्य साठवायच्या सिमेंटच्या उंच कोठ्या. ब्रिम नावाच्या चिमुकल्या गावात २०१६ मध्ये एका चित्रकारानं अशा कोठ्यांवर शेतकऱ्यांची कोठीएवढी मोठी चित्रं काढली. त्यात बाईसुद्धा आहे बरं का. ती चित्रं पाहायला आता लांबून लोक येतात.

फोटो पाहता पाहता आत्याबाईंनी विचारलं, "अन् बाया जातात कुठं?"

पोरीनं हसून मोबाइलवर आतला फोटो दाखवला. दोन पलंग, घडीचं टेबल, दोन बर्नरचा गॅस, आणि कोपऱ्यात कपाटाएवढा संडास. खाली खणासारखी टाकी असते, ती ओढून काढायची आणि नेमून दिलेल्या जागीच रिकामी करायची. रस्त्याकडेला ओतली तर दंड.

"ते काम कोण करते?"

"आमच्या त्या ताफ्यात पुरुषच करतात, आजी."

आत्याबाईंनी फोटो पुन्हा एकदा नीट पाहिला. मग म्हणाल्या, "असं असतं तर मी गिरडले गेली असती."

मला एकदम चुटपुट लागली. इतकी वर्षं आम्ही समजत होतो की म्हातारीला प्रवास झेपत नाही. पण अडचण होती ती खाली बसता न येण्याची!

महाराष्ट्र शासनानं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं आहे. पण अल्लीपूरच्या आमच्यासारख्या शेतकरी घराला असली गाडी कुठली परवडायला? म्हटलं, घर नसेना, पद्धत तर उचलू. त्या वर्षी २६ जानेवारी सोमवारी आला होता. शनिवारी निघायचं, एक रात्र मुक्काम करायचा आणि रविवारी दिवस मावळायच्या आत परत, कारण सोमवारी पोरांना झेंडावंदनाला पोचवायचं. एक क्रूझर भाड्यानं माणसांसाठी, आणि भाऊजींचा छोटा हत्ती सामानासाठी. सामानाच्या गाडीत माणूस बसवायचा नाही, हे मी आधीच बजावलं. मुक्काम जाऊबाईंच्या माहेरच्या वावरात, गिरडच्या अलीकडं.

आत्याबाईंसाठी औषधांच्या दुकानातून कमोडची खुर्ची आणली. खाली भांडं असलेली, घडी होणारी. तिच्याभोवती चार बांबू आणि दोन जुन्या साड्या. बस्स, झाला आमचा कोपरा! सोबत पाण्याचा कॅन, साबण आणि राखेचा डबा. तिकडच्या टाकीत कसलं औषध घालतात म्हणे, आपल्याला चुलीची राख पुरते. मैत्रिणींनो, घरात गुडघेदुखीचं माणूस असेल तर ही खुर्ची सहलीपुरतीच नव्हे, एरवीही कामाला येते.

निघताना गंमत झाली. पुतण्यानं पाण्याचा भरलेला ड्रम हत्तीच्या अगदी मागच्या टोकाला ठेवला, त्याच्याच अंगाला भांड्यांचं पोतं. क्रूझरमध्ये चढता चढता आत्याबाई थबकल्या.

"पोट्ट्या, गाडी उलार केली ना तू! बंडी असती तर जू वर उचललं असतं, बैलाच्या गळ्याले फास बसला असता."

पुतण्या हसला, पण भाऊजींनी ड्रम पुढं घ्यायला लावला. बंडी मागं जड झाली की उलार, पुढं जड झाली की बैलांच्या मानेवर भार. पुतणीला फोनवर हे सांगितलं, तर ती म्हणाली की कॅराव्हॅनचंही अगदी तसंच. जड सामान चाकांच्या आसावर ठेवायचं, आणि एकूण वजनाच्या साधारण दहावा भाग मोटारीच्या जोडावर यायला हवा. मागं वजन झालं की वेगात घर शेपटीसारखं हलायला लागतं, आणि मग मोटारीसकट उलटतं. आत्याबाईंना हे शिकायला ऑस्ट्रेलियाला जावं लागलं नाही.

त्यांच्या रांगेचेही नियम असतात. पुढं वाट माहीत असलेला, सर्वांत मागं दुरुस्ती जाणणारा. दोन लांब गाड्यांमध्ये साठ मीटर अंतर ठेवायचं, हा तिथला कायदाच आहे, म्हणजे मागून येणाऱ्याला एकेक गाडी ओलांडता येते. आणि अंधार पडायच्या आत तळ गाठायचा, कारण तिन्हीसांजेला कांगारू रस्त्यावर येतात. आपल्याकडं कांगारू नाहीत, पण रोही आणि रानडुकरं आहेत, आणि त्यांनाही हीच वेळ सापडते!

हिंगणघाट आलं. एके काळी अशा जानेवारीत या वाटेनं कापसाच्या बंड्यांची रांग लागायची. या गावात एका मोठ्या भटक्याचं थडगं आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. विल्यम लॅम्बटन त्याचं नाव. १८०२ मध्ये मद्रासहून हिंदुस्थानची जमीन मोजायला निघाला, अर्धा टन वजनाचं यंत्र आणि तंबूंचा लवाजमा घेऊन वीस वर्षं उत्तरेकडं सरकत राहिला, आणि २० जानेवारी १८२३ रोजी इथं, हिंगणघाटच्या मुक्कामी वारला. पुढं ते काम एव्हरेस्टनं हाती घेतलं. शाळेत आपण एव्हरेस्टचं नाव पाठ केलं, लॅम्बटन मात्र आपल्या दाराशी झोपलेला. त्या लवाजम्याच्या चुली वीस वर्षं कुणी पेटवल्या असतील, हे माझ्या मनात आल्याशिवाय राहत नाही.

जाम, समुद्रपूर करत दुपारी वावरात पोचलो. तूर कापणीला आलेली. साड्यांचा आडोसा पहिल्यांदा बांधला, चूल नंतर.

आमच्या भागात वावरातलं जेवण म्हणजे रोडगे, आणि ते भाजायचे पुरुषांनी. बारा माणसांना तीन किलो जाडसर कणीक, अर्धा किलो रवा, मीठ, ओवा आणि पाव किलो तेलाचं मोहन. घट्ट मळून तासभर ठेवावं. लहान लहान तीन पुऱ्या मधे तेल लावून एकमेकींवर ठेवायच्या, चौथ्या मोठ्या पुरीत गुंडाळून गोळा बंद करायचा. गोवऱ्यांची ज्वाळा विझून निखारा झाला की त्यावर फिरवून फिरवून शेकायचे. वरचं कवच टणक झालं की गरम राखेत पुरून टाकायचे. साधारण अर्ध्या तासानं काढून फडक्यात घोळले की राख झडते, मग कुस्करून वर तूप. घाई करून ज्वाळेवर ठेवले तर बाहेरून कोळसा आणि आत कच्ची कणीक, हे आमच्या घरच्यांनी एकदा करून दाखवलेलं आहे. सोबत वरण आणि तुरीचे ताजे सोले घातलेली वांग्याची भाजी. विमेरात जानेवारी म्हणजे भर उन्हाळा. वणव्याच्या भीतीनं काही दिवस उघड्यावर विस्तव पेटवायलाच पूर्ण बंदी असते. सुट्टीला जाऊन पुतणी थंड सँडविच खाऊन आली, बिचारी!

रोडग्यांची वाहवा दर वेळी पुरुषांना मिळते आणि काळीठिक्कर भांडी आपल्या वाट्याला येतात. यंदा पुतणीच्या क्लबाचा आणखी एक दंडक मी लागू केला. ज्याचं ताट त्यानं धुवायचं, आणि मोठी भांडी भाजणाऱ्यांनी. भाऊजी म्हणाले, "वहिनी, ही सहल आहे की श्रमदान?" म्हटलं, "आम्ही इतकी वर्षं श्रमदानच करत होतो, भाऊजी." घासली त्यांनी. पातेल्याच्या बुडाशी काजळी राहिली होती, पण मी बोलले नाही.

रविवारी सकाळी टेकडी. शेख फरीद बाबांच्या या ठिकाणी हिंदू आणि मुसलमान दोघेही येतात. टेकडीभर गोल गोल दगड विखुरलेले आहेत. भूगर्भशास्त्रवाले त्यांना झिओलाइटचे गोळे म्हणतात. जुनी कथा अशी, की दोन फिरत्या व्यापाऱ्यांनी बाबांची टिंगल केली, तेव्हा त्यांचे नारळ आणि सगळा माल दगड झाला. त्यांनी पाय धरले, तेव्हा बाबांनी सुक्या पानांचा नवा माल करून दिला. मग ते दोघे धंदा सोडून तिथंच राहिले. आत्याबाईंना चढण झेपेना. त्या पायथ्याशी चादर टाकून बसल्या, वर पाहून हात जोडले आणि पुष्कळ वेळ डोळे मिटून राहिल्या. धाकट्या नातीनं तिथला एक गोल दगड आणून त्यांच्या हातात ठेवला. "हा नारळ होता का गं आजी?" आत्याबाईंनी तो वळवून पाहिला आणि तिला सांगितलं, "जिथून आणला तिथं ठेवून ये."

परतीला निघण्यापूर्वी आडोसा सोडला, भांडं धुतलं, खड्डा मातीनं बुजवला. ते काम कुणी केलं? भाऊजींनी. मी सांगितलंही नव्हतं.

जामच्या पुढं आलो तेव्हा उन्हं कलली होती. मागच्या सीटवरून आवाज आला, "सूनबाई, तांब्या दे वं." मी पाणी दिलं. आत्याबाईंनी गटागट अख्खा तांब्या रिकामा केला, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "अजून दे."