‘ग्रह’ : एक संज्ञा, दोन विश्वरचना
(सूर्यमालेच्या बालशिक्षणाची महाजालावरील साधने)

वाराणसीतील बालाजी घाट पंचगंगा घाटाला लागून आहे. पलीकडचे दुर्गा घाट व ब्रह्मा घाट हा काशीतील मराठी वस्तीचा जुना परिसर. येथील मराठी घरातल्या मुलाला सूर्यमाला घरच्या पंचांगातून, शाळेच्या हिंदीतून आणि महाजालावरील इंग्रजीतून भेटू शकते. तौलनिक अभ्यासाच्या दृष्टीने हा भाषांतराचाच प्रश्न आहे.

महाजालावर साधनांची वाण नाही. बालभारतीची पाठ्यपुस्तके, मराठी विश्वकोशातील नोंदी, अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावरील मराठी पुस्तके विनामूल्य मिळतात. अडचण आहे ती संज्ञांची. युरेनस हा हिंदीत ‘अरुण’, तर मराठीत ‘हर्षल’ किंवा ‘प्रजापती’. आणि घाटावर सूर्योदय पाहणाऱ्या मराठी मुलाला ‘अरुण’ म्हणजे सूर्याचा सारथी.

‘ग्रह’ ही संज्ञा याहून फसवी आहे. ग्रीक मूळ शब्दाचा अर्थ ‘भटकणारा’, तर संस्कृत ‘ग्रह’ म्हणजे ‘पकडणारा’. नवग्रहांत सूर्य, चंद्र, राहू व केतू येतात; पृथ्वी येत नाही. १९३० मध्ये प्लूटोचा शोध लागल्यापासून २००६ मध्ये त्याचे वर्गीकरण बदलेपर्यंत दोन्ही याद्या नऊच्या होत्या. त्यांत समान मात्र पाचच : बुध, शुक्र, मंगळ, गुरू, शनी. संख्येच्या या योगायोगाने दोन विश्वरचनांमधील भेद झाकला गेला.

हा भेद न झाकण्याची परंपराही मराठीत आहे. सिहोर येथील सुबाजी बापू यांनी १८३६ च्या सुमारास ‘सिद्धान्तशिरोमणिप्रकाश’ या मराठी ग्रंथात पौराणिक, सैद्धान्तिक आणि कोपर्निकसप्रणीत विश्वरचना शेजारी ठेवून तपासल्या. सिहोरलाच शिकलेले बापूदेव शास्त्री १८४२ मध्ये बनारसच्या संस्कृत महाविद्यालयात अध्यापक झाले. त्यांचे ‘सूर्यसिद्धान्ता’चे इंग्रजी भाषांतर १८६१ मध्ये प्रसिद्ध झाले.

आजच्या साधनांतही ही तुलना शक्य आहे. ‘स्टेलेरियम’ या आज्ञावलीत वाराणसीचे आकाश पाहता येते व त्यावर क्रांतिवृत्ताची रेषा उमटवता येते. चंद्राचा मार्ग त्या रेषेला जेथे छेदतो, ते दोन बिंदू म्हणजेच राहू आणि केतू. पौर्णिमा वा अमावास्या या बिंदूंजवळ घडली तरच ग्रहण होते. ग्रहणस्नानाची गर्दी पाहिलेल्या मुलाला पंचांगातील गणित आणि पडद्यावरील आकाश यांचा सांधा येथे सापडतो. त्यामुळे बालसाधनांच्या मराठीकरणात प्रतिशब्दांची यादी पुरेशी ठरत नाही. प्रत्येक संज्ञा कोणत्या विश्वरचनेतून आली, हेही मुलाला सांगावे लागते.