फळीवर पाय कसे रोवायचे?

रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील विद्यार्थ्यांना उलांडीची होडी नवी नाही. अरुंद होडीच्या एका अंगाला, दोन आडव्या दांड्यांच्या टोकांशी बांधलेला लाकडी ओंडका म्हणजे उलांडी. होडी उलांडीच्या बाजूला कलली की ओंडका पाण्यात दबतो आणि पाणी त्याला वर ढकलते. होडी उलट बाजूला कलली की ओंडका पाण्याबाहेर उचलला जाऊ लागतो आणि त्याचे वजन ती बाजू खाली ओढते. एकच ओंडका असा दोन्ही दिशांनी होडीला सावरतो.

आपले पाऊल मात्र जमिनीला फक्त ढकलू शकते, वर ओढू शकत नाही. एरवी या उणिवेची जाणीव होत नाही. लाटांवर फळी चालवताना ती पदोपदी होते आणि तिथेच पायाच्या पट्ट्याचे काम सुरू होते.

काइटबोर्ड या खेळात माणूस फळीवर उभा राहतो आणि मोठा पतंग त्याला ओढून नेतो. फ्रान्समधील ब्रुनो आणि डॉमिनिक लेगेन्यू या बंधूंनी १९८४ मध्ये हवेने फुगवायच्या अशा पतंगाच्या पेटंटसाठी अर्ज केला. चाळीस वर्षांनी, २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पतंगाच्या फळीची शर्यत प्रथमच झाली. पतंगाची ओढ कमरेच्या हार्नेसवर येते, तर फळीवर ताबा ठेवायचा तो पायांनी. त्यासाठी काही फळ्यांवर पावलांवरून जाणारे पट्टे बसवलेले असतात.

पट्ट्याने नेमके काय साधते, ते आकड्यांत पाहू. बल आणि आसापासूनचे लंबांतर यांचा गुणाकार म्हणजे परिबल. फळी फिरवण्याची ताकद ती हीच. समजा, ६० किलोग्रॅम वस्तुमानाची व्यक्ती फळीवर उभी आहे. तिचे वजन सुमारे ६०० न्यूटन आणि दोन पावलांतील अंतर अर्धा मीटर. फळीचे पुढचे टोक उचलण्यासाठी तिने सगळा भार मागच्या पायावर टाकला, तर पावलांच्या मध्यबिंदूभोवतीचे परिबल ६०० × ०.२५ म्हणजे १५० न्यूटन-मीटर होते. तोल न घालवता याहून जास्त मिळणार नाही. आता पुढचे पाऊल पट्ट्यात अडकवून तिने १०० न्यूटन बलाने वर ओढले. मागच्या पावलावर ७०० न्यूटन येतील आणि परिबल (७०० + १००) × ०.२५ म्हणजे २०० न्यूटन-मीटर होईल.

खरी गंमत पुढे आहे. पतंगाने निम्मे वजन पेलले, तर फळीवर ३०० न्यूटनच उरतात. पट्ट्याविना जास्तीत जास्त परिबल ७५, पट्ट्यासह १२५. लाटेच्या माथ्यावरून फळी हवेत उडाली की पावलांखालचा भार जवळजवळ नाहीसा होतो. तेव्हा नुसत्या पावलांचे परिबल शून्य. पट्टा असेल तर एक पाय ओढून आणि दुसरा ढकलून ५० न्यूटन-मीटर तरी मिळते. म्हणजे पायावरचा भार जितका कमी, तितका पट्ट्याचा उपयोग अधिक.

मग पाय जास्तीत जास्त फाकवले तर? अंतर वाढले की परिबल वाढते हे खरे. पण पाय फार फाकवले की गुडघे नीट वाकत नाहीत आणि कंबर वळत नाही. लाट फळीला वर उचलते तेव्हा गुडघे वाकून तो धक्का गिळतात, त्यामुळे गुरुत्वमध्य फारसा वर-खाली होत नाही. म्हणून सुरुवात साधारण खांद्यांच्या रुंदीइतक्या अंतराने करावी आणि लाटांसाठी ते थोडे कमी करून पाहावे. लाटांच्या फळीच्या मागच्या भागाखाली माशाच्या परांसारखी उभी पाती असतात. मागचे पाऊल त्या पात्यांच्या वर आले की फळी शेपटीवर चटकन वळते. पाऊल बरेच पुढे राहिले तर ती सरळ धावते, वळताना मात्र कुरकुरते.

पट्टे फळीच्या कडेला असावेत की मधोमध? सरळ वेगाने जाताना पतंगाची ओढ एकाच बाजूला असते, म्हणून टाचांनी एक कड दाबून धरावी लागते; तिथे कडेचे पट्टे सोयीचे. लाटेवर कधी टाचांकडे, तर कधी बोटांकडे वळावे लागते. पाऊल मधल्या रेषेवर आडवे असेल, तर दोन्हींकडे सारखी तरफ मिळते.

राहिला प्रश्न पट्टा किती आवळायचा याचा. दुखापत होईल की टळेल, हे बरेचसे यावर ठरते. फळी १८० सेंटिमीटर लांब आहे आणि फुटणाऱ्या लाटेने तिच्या टोकावर १०० न्यूटन बल लावले असे धरा. मध्याभोवती ९० न्यूटन-मीटर परिबल तयार होते. पाऊल निसटले तर फळी एकटी फिरेल. घोट्यापर्यंत रुतलेले असेल तर पिळ घोट्याला आणि गुडघ्याला बसेल. म्हणून पट्टा किनाऱ्यावरच, ओल्या पावलाने बेतून पाहावा. समोरून फक्त बोटे दिसावीत, चालताना पाऊल हलू नये, पण टाच जोराने पिरगाळताच ते बाहेर यावे. लाटांवरचे काही खेळाडू पट्टे वापरतच नाहीत. पाऊल मागेपुढे सरकवण्याची मोकळीक त्यांना हवी असते, त्यापायी ते ओढण्याची ताकद सोडून देतात.

हे तत्त्व शिकायला समुद्रात उतरण्याची गरज नाही, आणि पावसाळ्यातल्या खवळलेल्या समुद्रात तर उतरूच नये. वर्गात सतरंजी अंथरा. एका विद्यार्थ्याला पाय जुळवून, अंग ताठ ठेवून हळूहळू पुढे झुकायला सांगा. समोर दोघे त्याला सावरायला उभे करा. गुरुत्वमध्य बोटांच्या पुढे गेला की तो पडू लागेल. आता दुसऱ्याने त्याच्या दोन्ही टाचा जमिनीवर घट्ट दाबून धराव्यात. तोच विद्यार्थी आता जास्त पुढे झुकू शकेल, कारण टाच वर उचलली जाऊ पाहते आणि मित्राचे हात तिला खाली धरतात. हे हात म्हणजेच पट्टा. नंतर विद्यार्थ्यांना दोन प्रश्न विचारा: उलांडीचा ओंडका होडीपासून दूर का बांधतात? आणि तो फारच दूर बांधला तर कोणती अडचण येईल?