न दमणारा गळा

हर्णेच्या बंदरावर मासळीचा लिलाव ऐन रंगात आला म्हणजे पुकारणाऱ्याच्या तोंडून आकडे असे सुटतात की नवख्याला त्यातला एक कळेल तर शपथ! गेल्या दिवाळीत मुंबईहून आलेल्या पुतणीने आपल्या संगणकावर एक जपानी गाणे लावले, तेव्हा आमची माई चकलीचा तुकडा हातात तसाच धरून म्हणाली, "हा कुठल्या बंदरावरचा लिलाव गं?"

माईचे चुकले नव्हते. 'हात्सुने मिकूचे नाहीसे होणे' अशा अर्थाच्या नावाचे ते गाणे माणसाच्या जिभेला सहसा झेपू नये अशाच वेगाने बांधले आहे. ऐकणाऱ्याने सुरुवात त्याने करणे म्हणजे पोहायला शिकवतो म्हणून एखाद्याला सुवर्णदुर्गापलीकडे नेऊन होडीतून ढकलण्यापैकी आहे. पुतणीला तसे सांगितले. तिने कान पकडले आणि पुढचे चार दिवस आम्हांला बेताबेताने गाणी ऐकवली. आमच्यासारख्याच घरांना उपयोग व्हावा म्हणून तो क्रम इथे देतो.

आधी ही गायिका कोण ते सांगितले पाहिजे, कारण ती नाहीच! संगणकाने गाण्याचा प्रयत्न जुना आहे. १९६१ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत त्याच्याकडून 'डेझी बेल' हे गाणे म्हणवून घेतले होते. पुढे जपानच्या यामाहा कंपनीने 'व्होकलॉइड' नावाची युक्ती काढली, आणि तिच्या आधारे साप्पोरोच्या क्रिप्टन फ्यूचर मीडियाने ३१ ऑगस्ट २००७ रोजी हात्सुने मिकू बाजारात आणली. साकी फुजिता या अभिनेत्रीच्या आवाजातले अक्षरांचे सुटे तुकडे ध्वनिमुद्रित केलेले आहेत. आपण सूर मांडावेत, त्याखाली अक्षरे लिहावीत. यंत्र तुकडे सांधून गाते. वेष्टणावर निळ्या-हिरव्या केसांच्या दोन लांब शेपट्यांची सोळा वर्षांची मुलगी. नावाचा अर्थ 'भविष्यातला पहिला ध्वनी' असा काहीसा होतो.

पहिले गाणे ऐकावे ते 'मेल्ट'. र्‍यो नावाच्या संगीतकाराने ते डिसेंबर २००७ मध्ये प्रसिद्ध केले. तोवर मिकूकडून बहुतेक 'मी यंत्र आहे हो' अशाच थाटाची गाणी म्हणवून घेत. या गाण्यात एक साधी मुलगी आहे. नुकतेच केस कापलेली, आवडत्या मुलाबरोबर एका छत्रीत चालताना जीव वरखाली होणारी. कोकणातल्या माणसाला पाऊस आणि छत्री समजावून सांगावी लागत नाही.

दुसरे 'सेनबोन्झाकुरा', म्हणजे हजार चेरीची झाडे, २०११ सालचे. याला जुन्या जपानी संगीताचा वास आहे, म्हणून आपल्या कानाला ते लवकर ओळख देते. जपान्यांच्या एका आवडत्या स्वरावलीत मध्यम आणि निषाद गाळतात, म्हणजे नेमके आपल्या भूपाचे स्वर! हे गाणे भूपातले आहे असे मात्र कोणी समजू नये. मी तसे म्हटले आणि पुतणीने पेटी काढून माझी खोड मोडली. मौज अशी की, २०१५ च्या वर्षअखेरीस जपानी नभोवाणी-दूरदर्शनच्या मोठ्या गायन-समारंभात साचिको कोबायाशी या साठी उलटलेल्या नामांकित गायिकेने हेच गाणे म्हटले. यंत्रासाठी बांधलेली चीज बुजुर्ग गळ्याने उचलली.

ज्यांना कथा हवी त्यांनी 'दुष्टतेचा सेवक' ऐकावे. जुळ्या बहिणीसाठी भाऊ वधस्तंभाकडे जातो. आपल्याकडे त्यावर तीन अंकी नाटक झाले असते.

पण माईला लागले ते 'कोकोरो'. कोकोरो म्हणजे हृदय. २००८ च्या या गाण्यात कागामिने रिन हा दुसरा यंत्रगळा आहे. एकाकी शास्त्रज्ञाने यंत्रकन्या घडवली, हृदय तेवढे राहिले. तो गेला. शेकडो वर्षांनी तिला ते हृदय मिळते, तेव्हा तिला कळते की तो किती एकटा होता. हृदयाचा भार त्या यंत्राला सोसत नाही. पुतणीने अर्थ सांगितला, आणि माईने गाणे पुन्हा लावायला लावले.

ही गाणी रचणारे बहुधा एकांड्या खोलीतले तरुण असतात. वाद्यवृंद नाही, गायिकेला द्यायला पैसे नाहीत. हाची या नावाने 'मात्र्योश्का' (२०१०) करणारा मुलगा पुढे केन्शी योनेझू म्हणून स्वतःच्या गळ्याने गाऊ लागला आणि जपानभर गाजला. 'रोलिंग गर्ल' (२०१०) करणारा वोवाका मात्र एप्रिल २०१९ मध्ये एकतिसाव्या वर्षीच गेला. पडते, पुन्हा उठते, पुन्हा पडते अशा मुलीचे ते गाणे आहे; चवथ्या दिवशी ऐकावे. लताबाई २०२२ साली गेल्या तेव्हा गाणाराच गेला म्हणून आपण हळहळलो. इथे उलटे आहे. गाणे करणारा गेला आणि गाणारी आहे तशी आहे, सोळा वर्षांची.

हे मी माईला सांगितले. तिचा गळा सहा वर्षांपूर्वी घशाच्या दुखण्यात बसला तो बसलाच. त्याआधी पहाटे जात्यावरच्या ओव्या आणि सांजेला पाळणे म्हणणारी ती. थोडा वेळ गप्प बसून तिने विचारले, "मग माझा पाळणा म्हणेल का तुझी ती पोर?"

पुतणी हुरळली. चाल माईने बोटांनी पेटीवर दाखवली, हिने सूर मांडले, अक्षरे बसवली. अडचण तिथेच आली. तिच्याकडची मिकू जपानी अक्षरांची. त्यांच्यात ळ नाही, ण नाही, र आणि ल यांचा एकच उच्चार, आणि शब्दाच्या शेवटी बहुधा स्वर लागतोच. रात्री अकरा वाजता ओटीवर दोन शेपट्यांची ती मुलगी स्वच्छ, गोड, अगदी सुरात गाऊ लागली आणि पहिल्याच ओळीत 'बाळ'चे 'बारु' झाले.

आम्ही सगळे हसलो. माई हसली नाही. "बारु नव्हे गं, बाळ," ती म्हणाली. पुतणीने दोनतीन खटपटी केल्या. दर वेळी बारुच. शेवटी माईने हाताने संगणक थांबवला आणि त्या खरखरीत, चिरलेल्या आवाजात ती ओळ म्हणून दाखवली. मग पुढची. मग तिसरी.

पुतणीने खुर्ची जवळ ओढली आणि हळूच ध्वनिमुद्रणाची कळ दाबली.