श्वेत संतुलन (छायाचित्रण)

श्वेत संतुलन म्हणजे छायाचित्रातील लाल, हिरव्या व निळ्या रंगांचे परस्पर प्रमाण प्रकाशाच्या रंगानुसार बदलून पांढऱ्या व करड्या वस्तू कोणत्याही रंगाची झाक न येता दाखवण्याची प्रक्रिया होय. छायाचित्रकारांमध्ये 'व्हाइट बॅलन्स' हाच शब्द अधिक रूढ असून कॅमेऱ्याच्या पडद्यावर त्याची आद्याक्षरे 'डब्ल्यूबी' अशी दिसतात. पांढरा रंग येथे केवळ कसोटी म्हणून वापरला जातो. तो साधला की त्वचा, वस्त्रे, अन्नपदार्थ व पाने यांचे रंगही बहुतांशी जागेवर येतात.

गरज का भासते

एकच पांढरा कागद विजेच्या पिवळ्या दिव्याखाली, दुपारच्या उन्हात आणि इमारतीच्या सावलीत पाहिला, तरी माणसाला तो पांढराच वाटतो. प्रत्यक्षात या तिन्ही ठिकाणी कागदावरून डोळ्यात येणारा प्रकाश फार वेगळा असतो. दिव्याखाली त्यात लाल-पिवळ्याचा भरणा असतो, तर सावलीत मोकळ्या आकाशाचा निळा प्रकाश अधिक असतो. दृष्टिसंस्था हा फरक आपोआप भरून काढते. या गुणधर्माला वर्ण-अनुकूलन म्हणतात. डोळ्यातील तीन प्रकारच्या शंकुपेशींची संवेदनशीलता स्वतंत्रपणे कमी-जास्त होत असावी, अशी कल्पना जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ योहानेस फोन क्रीस यांनी १९०२ मध्ये मांडली. आजच्या कॅमेऱ्यांतील गणितही मूलतः त्याच धर्तीचे आहे.

कॅमेऱ्याच्या संवेदकाला असे अनुकूलन नसते. त्याच्यावर लाल, हिरव्या व निळ्या सूक्ष्म गाळण्यांची जाळी बसवलेली असते आणि प्रत्येक गाळणीखाली पडलेला प्रकाश तेवढा मोजला जातो. नंतर लाल व निळ्या मोजमापांना योग्य संख्येने गुणून ती हिरव्याच्या बरोबरीला आणली जातात. श्वेत संतुलन म्हणजे तांत्रिकदृष्ट्या या गुणकांची निवड. पिवळ्या दिव्याच्या प्रकाशात निळा घटक अल्प असल्याने त्याचा गुणक मोठा घ्यावा लागतो. त्याबरोबर त्या घटकातील विद्युत गोंगाटही वाढतो. रात्री घरात काढलेल्या छायाचित्रांत गडद निळ्या भागांत दाणेदारपणा दिसण्याचे हे एक कारण आहे.

रंगतापमान

प्रकाशाचा रंग केल्विन या एककात सांगितला जातो. आदर्श काळी वस्तू तापवत नेली असता ती प्रथम लालसर, मग पिवळी, मग पांढरी आणि शेवटी निळसर प्रकाशते. एखाद्या प्रकाशाचा रंग ज्या तापमानाच्या काळ्या वस्तूशी जुळतो, ते त्याचे रंगतापमान. मेणबत्ती किंवा तेलाच्या दिव्याची ज्योत सुमारे १९०० केल्विन, तारेचा घरगुती बल्ब सुमारे २७०० ते २९००, दुपारचे ऊन सुमारे ५५००, ढगाळ आकाश ६५०० च्या आसपास वा त्याहून अधिक, तर निरभ्र दिवशीची सावली ७५०० केल्विनच्या पुढे, अशी ही उतरंड आहे. बोलीभाषेत ज्याला 'उबदार' म्हणतात तो प्रकाश कमी तापमानाचा आणि 'थंड' म्हणतात तो जास्त तापमानाचा असतो. ही उलटापालट ध्यानी ठेवावी लागते.

नवशिक्यांची खरी गफलत मात्र पुढच्या पायरीवर होते. कॅमेऱ्यावर केल्विनचा आकडा वाढवला की छायाचित्र निळे होण्याऐवजी पिवळे होते. याचे कारण असे की तो आकडा छायाचित्राला द्यायचा रंग नसून समोरच्या प्रकाशाचे कॅमेऱ्याला सांगितलेले वर्णन असते. ८००० हा आकडा दिल्यास कॅमेरा प्रकाश फार निळा असल्याचे गृहीत धरतो आणि भरपाई म्हणून पिवळेपणा वाढवतो. प्रकाश खरोखर तसा असेल तर चित्र तटस्थ येते. दुपारच्या उन्हात हाच आकडा ठेवला तर सारे पिवळट दिसते.

केल्विनमधील समान अंतरे डोळ्याला समान वाटत नाहीत. २७०० वरून ३७०० वर जाताना रंगात मोठा बदल दिसतो, पण ६००० वरून ७००० वर जाताना तो किरकोळ असतो. म्हणून दहा लाखांना केल्विनने भागून मिळणारे 'मायरेड' हे एकक वापरतात. पहिला फरक सुमारे १०० मायरेडचा, तर दुसरा सुमारे २४ मायरेडचाच भरतो.

केल्विनचा अक्ष केवळ निळा-पिवळा फरक सांगतो. फ्लुरोसंट नळ्या व स्वस्त एलईडी दिवे यांच्या प्रकाशात अनेकदा हिरवट झाक असते आणि ती या अक्षावर बसत नाही. तिच्यासाठी हिरवा ते किरमिजी असा दुसरा अक्ष, म्हणजे 'टिंट', दिलेला असतो. दाट झाडीखाली काढलेल्या चेहऱ्यांवरील हिरवटपणाही येथेच दुरुस्त होतो.

फिल्मच्या काळात

रंगीत फिल्म एका ठरावीक प्रकाशासाठी बनवलेली असे. दिवसाच्या प्रकाशाची फिल्म सुमारे ५५०० केल्विनला, तर टंगस्टन फिल्म ३२०० केल्विनला जुळवलेली असे. प्रकाश बदलला तर भिंगापुढे निळी किंवा पिवळसर तपकिरी काच लावावी लागे आणि त्यात बराच प्रकाश वाया जाई. डिजिटल कॅमेऱ्याने दर छायाचित्रामागे हा निर्णय बदलण्याची सोय दिली.

कॅमेऱ्यावरील पर्याय

स्वयंचलित पद्धतीत कॅमेरा दृश्यावरूनच प्रकाशाचा अंदाज बांधतो. सर्वांत जुने गृहीतक असे की दृश्यातील सगळ्या रंगांची सरासरी करडी येते. विविधरंगी दृश्यात ते चालते, पण चौकट एकाच रंगाने भरलेली असेल तर कोलमडते. हळदीच्या कार्यक्रमात पिवळी वस्त्रे, पिवळी फुले आणि हळद लावलेले चेहरे असतील, तर हा पिवळेपणा दिव्याचा आहे असे समजून कॅमेरा तो कमी करू पाहतो आणि हळद फिकी पडते. आधुनिक कॅमेरे याहून हुशार आहेत. तरीही एकाच समारंभातील लागोपाठच्या छायाचित्रांत रंग बदलत जाण्याचा दोष स्वयंचलित पद्धतीत पूर्णपणे टळत नाही.

ऊन, ढगाळ, सावली, टंगस्टन, फ्लुरोसंट व फ्लॅश हे तयार पर्याय एकेक ठरावीक मूल्य देतात. ते नेमके नसले तरी स्थिर असतात आणि अनेक छायाचित्रे एकसारखी हवी असतील तेव्हा हीच स्थिरता मोलाची ठरते.

सर्वांत भरवशाची पद्धत प्रत्यक्ष मोजणीची आहे. तटस्थ करडे कार्ड विषयाच्याच जागी, त्याच प्रकाशात धरून चौकटभर टिपतात आणि 'कस्टम' पर्यायात ते छायाचित्र संदर्भ म्हणून निवडतात. कार्ड छायाचित्रकाराच्या हाताजवळ धरले आणि विषय दूर सावलीत असला, तर मोजणी व्यर्थ जाते. कार्डाऐवजी साधा पांढरा कागद चालतो, परंतु अनेक कागदांत चमक आणणारी द्रव्ये असतात. ती अतिनील किरण शोषून निळसर प्रकाश देतात, त्यामुळे चित्र किंचित पिवळे होऊ शकते. संदर्भाचा भाग अतिप्रकाशित होऊन पूर्ण पांढरा झाला असेल, तर त्यातून रंगाची माहितीच मिळत नाही.

रॉ आणि जेपीईजी

रॉ फाइलमध्ये संवेदकाची मूळ मोजमापे राहतात आणि श्वेत संतुलनाचे मूल्य केवळ नोंद म्हणून जोडलेले असते. ते संगणकावर नंतर बदलले तरी दर्जा घटत नाही. जेपीईजीमध्ये गुणक आधीच लागू झालेले असतात व प्रत्येक रंगासाठी २५६ पायऱ्याच उरतात. मोठी दुरुस्ती केल्यास त्वचेचे रंग तुटक दिसू लागतात. जेपीईजीवर काम करणाऱ्याने म्हणूनच संतुलन टिपण्यापूर्वी साधणे इष्ट.

तटस्थता नेहमीच योग्य असते का

९ सप्टेंबर २०२० रोजी वणव्यांच्या धुरामुळे सॅन फ्रान्सिस्कोचे आकाश भरदिवसा नारिंगी झाले. तेथील अनेकांच्या मोबाइल कॅमेऱ्यांनी तो रंग प्रकाशाचा दोष समजून पुसला आणि चित्रात फिकट करडे आकाश आले. घडलेले नोंदवायचे असेल, तर अशा वेळी उन्हाचे स्थिर मूल्य निवडणे अधिक प्रामाणिक ठरते. सूर्यास्त आणि दिव्यांची आरास यांनाही हेच लागू आहे. उलट वस्त्रांची विक्री, चित्रांचे जतन किंवा वैद्यकीय नोंदी यांत तटस्थतेला पर्याय नाही. त्वचेवरील कावीळ किंवा लालसरपणा छायाचित्रावरून पाहायचा असेल, तर प्रकाशाची झाक रोगाच्या रंगात मिसळून चालत नाही.

मंगळाची छायाचित्रे हे याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. जुलै १९७६ मध्ये व्हायकिंग १ यानाच्या पहिल्या रंगीत छायाचित्रात आकाश प्रथम निळसर दाखवले गेले. यानावरील रंगपट्ट्यांच्या आधारे फेरतपासणी झाल्यावर ते गुलाबी-पिवळसर असल्याचे स्पष्ट झाले. क्युरिऑसिटी यानाची अनेक छायाचित्रे नासा दोन रूपांत प्रसिद्ध करते. एक मंगळावरील प्रकाशात दिसेल तसे, आणि दुसरे श्वेत संतुलन केलेले, ज्यात खडक पृथ्वीवरील प्रकाशात असल्यासारखे दिसतात आणि भूशास्त्रज्ञांना ओळखणे सोपे जाते.

मर्यादा

चौकटीत दोन भिन्न प्रकाश असतील, जसे खिडकीतून दिवसाचा व छताला पिवळ्या बल्बचा, तर एकच मूल्य दोहोंना पुरत नाही. शक्य असल्यास एक दिवा बंद करणे, नाहीतर फ्लॅशवर रंगीत जिलेटिन लावून त्याचा रंग बल्बशी जुळवणे, हे दुरुस्तीच्या सॉफ्टवेअरपेक्षा सोपे उपाय आहेत. कमी दाबाच्या सोडियम दिव्यापुढे तर कोणताच उपाय चालत नाही. त्याचा जवळजवळ सर्व प्रकाश ५८९ नॅनोमीटरच्या आसपासच्या पिवळ्या पट्ट्यात असतो. निळी वा हिरवी वस्तू परावर्तित करू शकेल असा प्रकाशच तेथे नसल्याने कितीही मोठा गुणक घेतला तरी तिचा रंग परत येत नाही, आणि असे छायाचित्र बहुधा कृष्णधवल करूनच ठेवले जाते.