उबेचे बदलते मुक्काम

पुणे-लोणावळा लोकल वडगाव सोडून कान्ह्याला थांबते. कान्हे फाट्यावरून टाकव्याकडे, आंदर मावळात वळलं की जुनं कौलारू घर अजून एखाद-दुसरं दिसतं. मावळात कुठे हीटर लावण्याइतकी थंडी पडते, असं आपण सहज म्हणतो. पण पौष-माघात पहाटे पारा दहाच्या खाली येतो, आणि श्रावणातल्या झडीत अंगात भरणारी ओल त्याहून वाईट. जुन्या घरात या दोन्हींचा बंदोबस्त एकाच चुलीवर व्हायचा.

खरी करामत मात्र चुलीची नव्हती, कुडाची होती. स्वयंपाकघर आणि माजघर यांच्यामधला शेणामातीनं लिंपलेला कारवीचा कूड आढ्याला भिडवत नसत. तो डोक्याच्या जरा वर जाऊन थांबायचा. छप्पर सगळ्या घराला एकच. चुलीवरची गरम हवा वर चढायची, कौलांखाली साठायची आणि कुडावरून माजघराच्या माळ्यात शिरायची. माळ्यावर कणगीत भाताचं बियाणं, बाजूला पावसाळ्याची बेगमी म्हणून रचलेलं सरपण. ते तिथं कोरडं राही आणि धुरानं किडीलाही आळा बसे. खाली वलणीवर भिजलेली घोंगडी. गोठाही त्याच छपराखाली असला, तर जनावरांच्या अंगची ऊब फुकटात.

गरम हवेला अशीच वाट ठेवून फ्रान्समध्ये अभियंते फेलिक्स त्रोंब यांनी 1960 च्या दशकात ओडेइयो इथं उन्हानं तापणारी भिंत बांधली. तिला वर-खाली झरोके ठेवले. वरच्यातून गरम हवा खोलीत यायची, खालच्यातून गार हवा परत तापायला जायची. थंड देशांतले काही छताचे पंखे हिवाळ्यात उलटे फिरवतात, तेही वर अडकलेली ऊब खाली आणायलाच. आपल्या कुडावरची मोकळी जागा त्याच जातीची, फक्त तिच्यावर कुणी प्रबंध लिहिला नाही.

अर्थात या उबेची किंमत बायकांच्या डोळ्यांनी आणि फुप्फुसांनी मोजली. त्यामुळे 1983 मध्ये सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, तो योग्यच होता. निर्धूर चुलीच्या धुराड्यानं धूर बाहेर काढला, त्याच्याबरोबर थोडी ऊबही गेली. मग गॅस आला; 2016 च्या उज्ज्वला योजनेनं तो आणखी घरांत पोचला. दिवसभर धगधगणारं काही घरात उरलं नाही. त्याच सुमारास कौलं उतरून स्लॅब पडत होते. भिंती छताला भिडल्या, प्रत्येक खोलीची हवा तिच्यापुरती कोंडली. उन्हाळ्यात स्लॅब रात्रभर तापलेला, पावसाळ्यात कोपऱ्यांत बुरशी. धूर गेला याचं दुःख कुणाला नाही; पण हवेची वाटही त्याच्याबरोबर बुजवायची काही गरज नव्हती.

गंमत अशी, की तीच विद्या मावळात आज जिवंत आहे, फक्त माणसांसाठी नव्हे, गुलाबांसाठी. तळेगावच्या फ्लोरिकल्चर पार्कपासून पवन मावळापर्यंत पॉलिहाऊस उभी राहिली आणि व्हॅलेंटाइन डेला इथला गुलाब परदेशी जाऊ लागला. जानेवारीत थंडी वाढली की कळी अडते आणि तारीख हुकते. म्हणून ऊन उतरलं की हँडल फिरवून बाजूचे पडदे खाली सोडायचे. दिवसाची ऊब प्लॅस्टिकखाली जितकी टिकेल तितकी टिकवायची. सकाळी ते वेळेवर उघडले नाहीत, तर आत दमट हवा कोंडून गुलाबावर डावणी रोग येतो. कधी कोंडायचं आणि कधी सोडायचं, हे इथल्या गुलाबवाल्याला चांगलं ठाऊक असतं.

त्याच शेतकऱ्याचं नवं घर मात्र चारी बाजूंनी बंद असतं. मावळात घर बांधायला काढलं असेल, तर गवंड्याला एवढं सांगा: स्वयंपाकघर आणि माजघर यांमधल्या भिंतीत छताजवळ एक लांबट झरोका ठेव, आणि बाहेरच्या भिंतीतही तेवढ्याच उंचीवर एक, झडपेचा. आतला बारमाही उघडा. बाहेरचा चैत्रात सताड उघडा, पौषात बराचसा मिटलेला. गॅस असल्यानं तो कधीच पुरता बंद करायचा नाही.